सातवी ‘ब’च्या टिनावरची वाकळ

अन्याय सातवी ‘ब’वर झाला. गुढीपाडव्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी, मधल्या सुट्टीत, आम्ही सगळे नळावर पाणी पीत असताना झाला. आणि सगळ्यात जास्त झाला तो माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीवर. हे आधीच सांगून टाकते, कारण शाळेच्या आठवणी निघाल्या की माणसं लगेच गोड होतात. मीही होते. पुढे होणारच आहे. पण गोड होण्याआधी कोणाचं काय गेलं ते कागदावर असलेलं बरं.

आमची शाळा नागपुरातल्या सक्करदऱ्याकडची. पक्की इमारत छोटी, मुलं जास्त. म्हणून ‘अ’ तुकड्या इमारतीत आणि ‘ब’ तुकड्या मैदानाच्या कडेला टिनाच्या शेडमध्ये. असं का, हे कोणी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. ‘ब’ म्हणजे टिन, एवढं आम्हाला पहिलीपासून माहीत होतं.

उन्हाळा लागला की नागपुरातल्या शाळा सकाळच्या होतात. आमची होऊ शकत नव्हती, कारण खोल्याच पुरत नव्हत्या. सकाळी बारकी पोरं बसायची, ती सुटली की आम्ही. म्हणजे सगळं शहर दारं लोटून, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भिजवून आडवं व्हायचं, तेव्हा आम्ही तोंडाला ओढणी गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा टाकून शाळेला निघायचो. रस्त्यावर आम्ही आणि कुत्री. कुत्रीसुद्धा नालीत बसलेली.

तरी सांगते, त्या वाटेची मला अजून आठवण येते. कोणाच्या तरी खिडकीतल्या कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास यायचा आणि आम्ही दोघी त्या खिडकीपाशी मुद्दाम चपलेचा पट्टा नीट करत थांबायचो. आतली म्हातारी ओळखून होती. “चपला चांगल्या घ्या वं पोरीहो, रोजच तुटते तुमची,” म्हणायची आणि कूलरचं तोंड जरासं आमच्याकडे वळवायची.

शेडमध्ये एक पंखा होता. तो गरम हवा ह्या बाकावरून त्या बाकावर न्यायचा. दुपार चढली की टिन तडतड वाजायचं, जसं कोणी वरून खडे टाकतंय. विज्ञानाच्या मॅडम नवीनच आल्या होत्या. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, हा धडा त्यांनी वर बोट दाखवूनच शिकवला. पुस्तक उघडलंसुद्धा नाही. आम्ही हसलो. खरं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

माझ्या मैत्रिणीचा घोळणा फुटायचा. ऊन लागलं की नाकातून रक्त, आणि ते पटकन थांबायचं नाही. त्या वर्षी मार्च संपायच्या आत दोनदा फुटला. दुसऱ्यांदा तिच्या फ्रॉकचा पुढचा भाग लाल झाला आणि तिला मी घरी पोचवायला गेले. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून तिचे बाबा घरीच होते. पूर्वी त्यांच्याकडे माग होता, आमच्यासारखाच. मग साड्यांना उठाव राहिला नाही, माग मोडला, आणि ते कोराडीच्या वीजकेंद्रावर ठेकेदाराकडे कामाला लागले. सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळी कोळशानं काळे होऊन यायचे. त्यांनी पोरीचं नाक धुतलं, डोक्यावर पाणी थापलं, आणि माझ्यासमोरच सांगितलं की आणखी एकदा शाळेत रक्त आलं की शाळा बंद. रागावून नाही सांगितलं. साधं सांगितलं, म्हणून जास्त भीती वाटली.

ती वर्गात हुशार होती. मी होते त्याहून बरीच. तिला पुढे नर्स व्हायचं होतं, आणि रक्त बघून आमच्यातली तीच एक घाबरत नव्हती. सवय होती ना.

आता मागाकडे येते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

मॅडमनी साधी यंत्रं शिकवायला घेतली. टेकू, भार, बल. तरफेची उदाहरणं विचारली तर सगळ्यांनी पुस्तकातलीच सांगितली, कात्री, अडकित्ता, सीसॉ. सीसॉ आमच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता. मैत्रीण उठून म्हणाली, पावडी. मॅडमना पावडी माहीत नव्हती. मागावर बसलेला विणकर पायानं जी फळी दाबतो ती पावडी, असं तिनं सांगितलं. एका पावडीनं ताण्याचे, म्हणजे उभ्या लावलेल्या धाग्यांतले, अर्धे धागे वर जातात, दुसरीनं उरलेले, आणि मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो. ह्यात टेकू कुठे आणि भार कुठे, ह्यावर वर्गात अशी भांडणं लागली की मॅडम म्हणाल्या, मला बघायलाच यावं लागेल.

त्या रविवारी मॅडम खरंच आमच्या घरी आल्या. आमचा खड्डामाग होता, म्हणजे विणणारा जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर. बाबांनी मॅडमना बसवलं. मॅडमनी पाय खाली सोडले आणि लगेच आमच्याकडे बघितलं.

“अगं, इथं खाली गार आहे.”

बाबा हसले. उन्हाळ्यात आमच्या घरात भांडण व्हायचं ते त्याच जागेसाठी. आई दुपारी सुताच्या कांड्या भरत खड्ड्याच्या काठाशी बसायची, मी आणि भाऊ पाय आत सोडून अभ्यास करायचो, आणि बाबा ओरडायचे की पावड्यांना पाय लावू नका, साडी बिघडते. वर मागाची लाकडी कप्पी कुरकुरायची, धोट्याची खटखट चालायची, आणि तळपायाला ती गार माती. आज मी कूलरसमोर झोपते, पण तसं गार मला परत कधी लागलेलं नाही.

मॅडमना कप्पी दिसली, तरफ दिसली, सगळं दिसलं. पण त्यांच्या डोक्यात खड्डाच राहिला. सोमवारी वर्गात त्यांनी विचारलं, खड्डा गार का? आम्ही सांगितलं, सावली. त्या म्हणाल्या, सावली तर ह्या शेडमध्येही आहे. मग माती उष्णतेची दुर्वाहक, उष्णता तिच्यातून हळू जाते, आणि टिन सुवाहक, बाहेरचं ऊन आत आणून देतं, असं एकेक निघत गेलं. मैत्रीण म्हणाली, “मंग टिनावर माती टाका नं मॅडम.” टिन वाकेल, मॅडम म्हणाल्या. हलकं काही शोधा.

शोधायला काय लागतं? रसवंतीवाल्याकडे आम्ही रोज बघत होतोच. बर्फाची लादी तो भुशात ठेवायचा, वरून तरट. एक पोरगा म्हणाला, तरटानं बर्फ गार होते. दुसरा म्हणाला, भैताडा, थंडीत आमच्या म्हशीवर तरटच टाकते माझी आई, मंग ती काहून नाही गार होत? वर्ग हसला, पण मॅडमनी त्या दुसऱ्याला शाबासकी दिली. तरट गारही करत नाही आणि गरमही करत नाही, त्या म्हणाल्या. जे जिकडे आहे ते तिकडेच अडवून धरतं.

मग ठरलं. टिनावर वाकळ घालायची. दोन तरटांच्या मध्ये तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून. बाबा गांधीबागेच्या बाजारात साड्या घालायला जायचे, तिथं कापडाच्या गठ्ठ्यांवरचं तरट दुकानांच्या मागं पडलेलं असायचं, ते त्यांनी आणलं. तणस एका मुलाच्या मामाच्या टेम्पोतून उमरेडकडून आलं. हेडसरांना मॅडमनी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, करा काय करायचं ते, शाळेवर खर्च नको.

शाळा सुटल्यावर मैदानात तरट अंथरून आम्ही दाभणानं शिवत बसायचो. अर्धा वर्ग विणकरांचा. ज्यांच्या घरी माग होता त्यांच्या आणि ज्यांच्या घरचा मोडला होता त्यांच्या हाताला एकच सवय. आमच्याकडे वीण घट्ट पाहिजे. फणी ठोकायची ती अशी की उजेडात धरलं तर पलीकडचं दिसू नये. विरळ झालं की दुकानदार कापड बोटांनी ताणून दाखवतो आणि बाप मान खाली घालतो, हे आम्ही सगळ्यांनी बघितलेलं. म्हणून तणसही आम्ही तसंच भरलं. ठोसून ठोसून. पोरं त्याच्यावर नाचली. हाडकुळा पोरगा नाचला तर त्याला खाली उतरवून जाड्याला चढवलं. शिवून झाली तेव्हा वाकळ सतरंजीसारखी चपटी आणि दगडासारखी टणक झाली होती. आम्हाला फार अभिमान वाटला.

ती वर चढवायची कशी? शेडला लागून कडूलिंब होता. त्याच्या फांदीला बाबांनी विहिरीवरची कप्पी बांधली, दोर टाकला, शाळेचे चपराशी काका टिनावर बसले. शिडी तिरपी लावली, म्हणजे उतरण झाली. खाली आम्ही दोर ओढत होतो. मॅडम मध्येच विचारायच्या, बल कुठं, भार कुठं, आणि पोरं धापा टाकत सांगायची, मॅडम, भार इथंच हाय, लई हाय.

वाकळ चढली. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे वर बघत बसलो. टिन पहिल्यासारखंच तडतडलं. मैत्रीण बाकावर उभी राहिली आणि तिनं टिनाजवळ हात नेला. मग खाली बसली आणि ओढणीचं टोक नाकाशी धरलं. रक्त नव्हतं आलेलं. आधीच धरलं होतं.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, तणस वाया गेलं, म्हशीनं खाल्लं असतं.

 दुसऱ्या दिवशी मॅडम रसवंतीवरून बर्फाचे दोन खडे घेऊन आल्या आणि आमच्या घरून मागवलेलं टाकाऊ सूत. सुताचे दोन सारखे भाग केले. एक भाग एका खड्यावर मला घट्ट गुंडाळायला लावला, चेंडूसारखा. दुसरा मैत्रिणीला दिला आणि सांगितलं, पिंजून पिंजून भुसभुशीत कर, मग त्यात बर्फ ठेव. दोन्ही खडे एकेका वाटीत घालून खिडकीत ठेवले आणि गणिताचा तास झाला. तास संपला तेव्हा माझ्या वाटीत पाणीच जास्त होतं. तिच्या वाटीत खडा अजून बोटांना टोचत होता.

“आत काय होतं जास्तीचं?” मॅडमनी विचारलं.

 सूत तर तेवढंच. मग मैत्रीणच हळूच म्हणाली, “हवा.”

अडकलेली हवा. हलू न शकणारी. उष्णता अडवते ती हवा, तणस फक्त तिला धरून ठेवतं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून, नाचून नाचून, तीच बाहेर काढली होती. घरी जो गुण, तो इथं दोष. बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत राहिले. म्हणाले, आमच्या पोरांले ढिलं काम करा म्हणणारी बाई पहिल्यांदाच भेटली.

वाकळ खाली काढली, उसवली, तणस हातानं मोकळं केलं. ह्या वेळी कोणी जोरात भरलं की बाजूचा ओरडायचा, “ढिलं भर बे, साडी नाही विणून राहिला.” फुगलेली वाकळ परत चढवली. वरून बाबांनी चुन्याचा दाट हात मारला, ऊन परत फेकायला. प्रारणाचा धडा तिथंच झाला. छपराजवळच्या भिंतीच्या दोन विटा काढून जाळी बसवली, गरम हवा वर चढते तर तिला बाहेरची वाट पाहिजे ना. अभिसरण. परीक्षेत वहन, प्रारण, अभिसरण ह्या तिन्हींतला फरक विचारला होता. सातवी ‘ब’मध्ये तो कोणाचा चुकला नाही.

त्यानंतरच्या दुपारी मला आयुष्यात सगळ्यात जास्त आठवतात. टिनानं वाजणं सोडलं. गरम होतंच, एप्रिल तो एप्रिल, पण बसता यायचं. ‘अ’ तुकडीतली पोरं काही ना काही निमित्त काढून आमच्या शेडमध्ये यायला लागली, आणि आम्ही त्यांना दारातच अडवायचो. वहीचा पंखा करून वारा घ्यायची सवय मोडेना, म्हणून मैत्रीण नुसती वही हलवत बसायची आणि माझ्याकडे बघून हसायची. पाडवा गेला. तिचं नाक शांत होतं. घरी विचारलं तर ती बाबांना रोज सांगायची, नाही आलं. एक दिवस तिच्या बाबांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, खरं सांगते का वं ती? खरं होतं.

मग तो सोमवार आला.

शिक्षण खात्याचे मोठे साहेब तपासणीला येणार होते. आम्हाला शाळेत आल्या आल्याच कळलं, कारण मैदानात पाणी मारलेलं होतं आणि फुलझाडांच्या कुंड्या कुठून तरी आल्या होत्या. मधल्या सुट्टीत आम्ही नळावर होतो. परत आलो तर दोन माणसं टिनावर होती आणि वाकळ खाली पडलेली. दोर कापलेले. तरट फाटून तणस सगळ्या मैदानात उडत होतं. हेडसर बाजूला उभे राहून ते झाडून घ्यायला सांगत होते.

मैत्रीण सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिनं हेडसरांशी बोलल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“काहून काढली सर?”

“गोठ्यासारखं दिसते,” हेडसर म्हणाले. “साहेब काय म्हणतील? जा, वर्गात बसा.”

मॅडम धावत आल्या. त्या काय काय बोलल्या ते आम्हाला लांबून ऐकू आलं नाही, पण त्यांचे हात हलताना दिसले, आणि हेडसर घड्याळाकडे बघताना दिसले. आम्ही वर्गात जाऊन बसलो. टिन तापायला किती वेळ लागतो? काहीच नाही. पातळ पत्रा आहे तो.

साहेब आले. हेडसरांच्या खोलीत कूलर होता, तिथं बसले. इमारतीतल्या दोन वर्गांत गेले. मग गाडीत बसून गेले. आमच्या शेडकडे आलेच नाहीत. ज्या छपरासाठी वाकळ काढली, ते छप्पर त्यांनी लांबूनसुद्धा पाहिलं नाही. आम्ही मात्र पाठ सरळ करून बसलो होतो, केव्हाही येतील म्हणून. मैत्रिणीनं नाकाला हात लावला नाही. पाठ सरळ ठेवूनच बसली होती आणि रक्त वहीवर पडत होतं. मी ओरडले तेव्हा मॅडमना कळलं.

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा शाळेत आले. कामावर खाडा करून आले होते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. मॅडमनी सगळं सांगितलं, वाकळीचं, हवेचं, परत घालू म्हणाल्या, मी स्वतः घालीन. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मॅडम, तुम्ही चांगल्या हा,” ते म्हणाले. “पण मी दिवसभर भट्टीजवळ राहतो, त्याची मले मजुरी भेटते. माही पोरगी काहून बसून राहिली भट्टीत?”

  मैत्रिणीनं दप्तर उचललं. माझी कंपासपेटी तिच्याकडे होती, ती तिनं आठवणीनं माझ्या बाकावर ठेवली. आठवीला ती आली नाही. मॅडमची त्याच वर्षी बदली झाली. वाकळ परत कोणी घातली नाही.

मी आज जे काम करते ते तिथून सुरू झालं, असं म्हटलं तर भाषणासारखं वाटेल, पण तसंच आहे. आम्ही काही पोरं-पोरी शाळांच्या छपरांबद्दल पत्रकं काढतो, वाटतो, कचेऱ्यांमध्ये जाऊन बसतो. मागच्या उन्हाळ्यात गांधीबागेत पत्रकं वाटत होते, तेव्हा एका साड्यांच्या दुकानात ती भेटली. काऊंटरच्या आत उभी राहून साड्यांच्या घड्या घालत होती. मी ओळखायच्या आधी तिनं ओळखलं. दुकानात एसी होता. म्हणाली, बघ, नाक एकदम ठीक. मग माझ्या हातातलं पत्रक घेऊन उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. ती अजूनही सगळं शेवटपर्यंत वाचते.

“चांगलं लिहिते वं,” ती म्हणाली. “ते शेड आहे का अजून?”

आहे, मी सांगितलं. टिन तेच आहे, रंग नवीन आहे.

“मंग त्याच्यात कोण बसून राहिलं?”

सातवी ‘ब’, मी म्हणाले.

तिनं पत्रकाची साडीसारखी चौकोनी घडी घातली आणि मला परत दिलं. म्हणाली, हे मले काहून देते, मी काय करू, ज्याच्या घरासमोर शाळा आहे त्याले दे. गिऱ्हाईक आलं. ती गिऱ्हाइकाकडे वळली.

तर हे आता तुम्हाला देते. तुमच्या घराजवळ एक शाळा आहे. तिच्यात टिनाखाली बसणारा एक वर्ग आहे, नसेल तर तुमचं नशीब, पण आधी जाऊन बघा. एप्रिलमध्ये जा, दुपारी जा, शेवटच्या बाकावर एक पूर्ण तास बसा. उठून मुख्याध्यापकांच्या खोलीत जा आणि विचारा, ह्या छपरावर काय घालणार आणि कधी घालणार. तारीख घेतल्याशिवाय उठू नका. दिलेल्या तारखेला परत जा. आणि तिथं पोरांनी स्वतः काही घातलेलं असेल, मग ते कसंही दिसो, तर ते काढायला आलेल्या माणसाच्या शिडीखाली उभे राहा आणि त्याला वर चढू देऊ नका.